फ्लॉपीतल्या ओव्या

आमच्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत माझ्या सहीचे एक पान आहे. २०१२ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते लिहिले. ‘मोडके बाक ६, पत्र्याची पेटी १, पंखे २, जुना नादुरुस्त संगणक १.’ समितीचा ठराव झाला, भंगारवाल्याने माल काट्यावर तोलला, आलेली रक्कम शाळेच्या खात्यात जमा झाली. नियमाप्रमाणे जे करावयाचे ते सर्व मी केले. आणि तरीही त्या पानावर नजर गेली की आजही ओशाळल्यासारखे होते. त्या पानाची हकिगत, आणि त्या निमित्ताने उतारवयाकडे झुकताना मला जडलेला एक विचित्र छंद, हा या महिन्याच्या लेखाचा विषय आहे.

तो संगणक शाळेला देणगीदाखल मिळाला होता. गावातील एका सहकारी संस्थेने १९९७ साली नवी यंत्रे घेतली आणि जुन्यापैकी एक मराठी शाळेच्या पदरात टाकले. मी तेव्हा या शाळेत नव्हतो. वर्गात संगणक शिकविण्याइतकी माहिती कोणालाच नव्हती, म्हणून तो कार्यालयाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला असे. त्याचे आच्छादन रोज दूर करणारे एकच गृहस्थ होते. आम्ही सर्व त्यांना गुरुजी म्हणतो. सीमाभागातील आठ खेड्यांमधून फिरून, जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्या त्यांनी वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. शाळा भरण्यापूर्वी पहाटेच येऊन ते त्या ओव्या संगणकात घालीत. २००३ साली ते निवृत्त झाले. पुढे यंत्र बंद पडले, आणि त्यानंतर मी मुख्याध्यापक होऊन आलो.

२०१६ च्या पावसाळ्यात एके दिवशी गुरुजी छत्री मिटवीत कार्यालयात आले. हातात बिस्किटांचा जुना डबा. म्हणाले, “सर, त्या यंत्रातून ओव्या कागदावर काढून द्याल का? वह्यांना वाळवी लागली.” मी त्यांना काय सांगितले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. ते काही रागावले नाहीत. डबा टेबलावर ठेवून एवढेच म्हणाले, “मग आता एवढेच उरले.” डब्यात आठ फ्लॉपी होत्या. गावागणिक एक.

साडेतीन इंचांची ती चौकोनी तबकडी नव्या पिढीने बहुधा पाहिलेली नसेल. तिची साठवणशक्ती १.४४ मेगाबाइट, आजच्या भ्रमणध्वनीतील एक छायाचित्रही तिच्यात मावायचे नाही. परंतु निव्वळ अक्षरे असतील तर चौदा लाखांहून अधिक मावतात. एका गावाच्या ओव्यांना ती पुरून उरे. फ्लॉपी वाचणारे छोटे बाह्य यंत्र मी मागवून घेतले. आठांपैकी पाच नीट उघडल्या, एक अर्धवट उघडली, आणि दोहोंवर बुरशीची वलये चढली होती. त्या उघडल्याच नाहीत.

उघडल्या म्हणजे वाचता आल्या असे मात्र नव्हे. आत होता तो गुरुजींच्या एका विद्यार्थ्याने ‘क्लिपर’ या भाषेत लिहून दिलेला छोटा प्रोग्रॅम आणि त्याची माहिती. ओवी, ती म्हणणारीचे नाव, तिचे माहेर, सासर, कोणत्या प्रसंगी ती म्हणतात, अशी सारी जोडणी त्या प्रोग्रॅमने केलेली होती. आणि तो चालत होता डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर. माझ्या नव्या संगणकाने तो चालविण्यास साफ नकार दिला.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे आपल्या घरगुती भाषेत सांगायचे तर ती वाड्यावरच्या कारभाऱ्यासारखी असते. मालकाला हवे ते दप्तर कोणत्या फडताळात आहे, कोणत्या खोलीत कोणी बसावे, बाहेरून आलेला निरोप कोणाला द्यावा, हे सर्व कारभारी पाहतो. कारभारी बदलला की जुन्या दप्तराची खूण हरवते. डॉस हा असाच एक जुना कारभारी. सिएटल येथील टिम पॅटरसन यांनी १९८० साली त्याचे मूळ रूप लिहिले, १९८१ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाबरोबर ते जगापुढे आले. पुढील दहाबारा वर्षे बँका, पतपेढ्या, कचेऱ्या यांचा कारभार त्यानेच चालविला. १९९४ मधील ६.२२ ही त्याची स्वतंत्रपणे विकली गेलेली अखेरची आवृत्ती. त्यानंतर विंडोजचे युग आले.

याच ठिकाणी मला एका मोठ्या मंडळीचा शोध लागला. १९९४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स येथील शाखेत जिम हॉल नावाचा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी शिकत होता. त्याचा अभ्यास डॉसवर चाले, आणि डॉसचे दिवस आता भरले असे कंपनीकडून त्याच्या कानांवर आले. दुसरा कोणी असता तर हळहळून स्वस्थ बसला असता. याने २९ जून १९९४ रोजी जाहीर निवेदन केले की, आपण सर्वांनी मिळून नवा डॉस लिहू या. तो कोणाच्या मालकीचा नसेल आणि ज्याला हवा त्याला फुकट मिळेल. पॅट व्हिलानी यांनी स्वतः लिहिलेला प्रणालीचा गाभा त्याला दिला, टिम नॉर्मन यांनी आज्ञा ऐकणारा भाग दिला, इतरांनी एकेक साधन लिहून जोडले. याच प्रणालीला पुढे फ्रीडॉस असे नाव पडले.

हे सर्व फावल्या वेळात चालले होते. मूळ डॉसचा मजकूर कंपनीपाशी बंद होता. त्यामुळे तो कसा वागतो हे बाहेरून पाहून, तसेच वागणारे दुसरे काहीतरी पहिल्या ओळीपासून लिहिणे भाग होते. पहिली पूर्ण आवृत्ती निघाली ती ३ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी. १.१ निघाली २ जानेवारी २०१२ ला, १.२ निघाली २५ डिसेंबर २०१६ ला, १.३ निघाली २० फेब्रुवारी २०२२ ला, आणि १.४ निघाली ५ एप्रिल २०२५ ला. दरम्यान २०११ साली व्हिलानी वारले. त्यांच्या गाभ्याची देखभाल दुसऱ्यांनी पुढे चालविली. एम.एस.-डॉसच्या चौथ्या आवृत्तीचा मजकूर कंपनीने सर्वांसाठी मोकळा केला तो एप्रिल २०२४ मध्ये. तोवर या मंडळींना कामाला लागून जवळजवळ तीस वर्षे झाली होती. ती वाट पाहत बसली असती तर आमच्या आठ फ्लॉपी तशाच राहिल्या असत्या.

आपल्याकडे मध्यंतरी ‘डॉस’ अशी नोंद असलेले लॅपटॉप थोड्या कमी किमतीला मिळत. विंडोजचे पैसे वाचावेत म्हणून विक्रेते त्यांत जे घालून देत, ते बहुतेक वेळा हेच फ्रीडॉस असे. पुष्कळांनी ते घरी आणल्याबरोबर पुसून टाकले असेल. कोणाच्या तीस वर्षांच्या फावल्या वेळावर आपण पाणी फिरवीत आहोत याची त्यांना कल्पना नसणार. मलाही नव्हती.

आता गुरुजींच्या ओव्यांकडे वळतो. नव्या संगणकाच्या पोटात एक काल्पनिक जुना संगणक उभा करता येतो. त्यात फ्रीडॉस बसवावयास मला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी गुरुजींना घरी बोलावले. प्रोग्रॅम चालू झाला खरा; पण पडद्यावर एकही मराठी अक्षर दिसेना. उभ्या रेघा, आडव्या रेघा, काटकोन, काळे ठोकळे! जणू कोणी घराचा नकाशा काढून अर्ध्यावर टाकून दिला आहे.

त्याचे कारण असे की, मूळ यंत्रात ‘जिस्ट’ नावाचे एक कार्ड बसविलेले होते. कानपूरच्या आय.आय.टी.त या तंत्राचा जन्म झाला, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तेथे ते वाढीस लागले. ज्या डॉसला रोमन लिपीपलीकडे आपल्या लिप्या ठाऊक नव्हत्या, त्याच्या पडद्यावर या कार्डाने देवनागरी उमटविली. अक्षरांचे क्रमांक ‘इस्की’ या भारतीय मानकाप्रमाणे असत. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ते निश्चित केले. त्यात ‘क’चा क्रमांक १७९. गंमत अशी की, देवनागरीतील क, कन्नडातील क, गुजरातीतील क, तेलुगूतील क, साऱ्यांना तोच क्रमांक. लिपी निराळी, वर्ण एक. सीमेवर राहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे वाचून जो आनंद झाला तो येथे सांगत बसत नाही. पण कार्ड नसलेल्या साध्या डॉसच्या पुस्तकात १७९ या क्रमांकाला नुसती एक उभी रेघ असते. आमचा ‘क’ त्या रेघेच्या मागे उभा होता.

कार्ड तर मी भंगारात घातले होते. पडद्यावरील पर्यायांची नावेही रेघांचीच. मी हताश होऊन बसलो, तेव्हा गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, “तिसरा पर्याय म्हणजे छपाई. मग पहिला विचारील गाव, दुसरा विचारील प्रसंग. काही न लिहिता एंटर दाबा.” तेरा वर्षांनी त्यांच्या बोटांना ती वाट पाठ होती. त्यांनी सांगावे आणि मी कळ दाबावी, असे करीत आम्ही सर्व ओव्या छपाईच्या मिषाने एका फाईलीत उतरविल्या. नंतर मी एक कोष्टक केले. एका बाजूस इस्कीचा क्रमांक, दुसऱ्या बाजूस आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडचा. १७९ च्या जागी २३२५, याप्रमाणे. रेघांची पुन्हा अक्षरे झाली.

पहिला कागद गुरुजींच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला आणि पेन्सिलीने एका शब्दाभोवती वर्तुळ काढले. “हिच्या गावाला समुद्र कुठून आला?” ओवी म्हणणारी बाई सह्याद्रीच्या कुशीतली, तिने म्हटले होते ‘दऱ्या’, आणि माझ्या कोष्टकाने छापले होते ‘दर्या’! ‘दऱ्या’तील अर्ध्या र साठी इस्कीत वेगळा क्रमांक आहे, तो मी निष्काळजीपणे साध्या र ला जोडून टाकला होता. मी मराठीचा एम.ए.; तरी ही चूक माझ्या नजरेतून सुटली, कारण मी क्रमांक पाहत होतो आणि गुरुजी ओवी वाचीत होते. हाती लागलेल्या साडेपाच गावांच्या चौदाशेहून अधिक ओव्या आम्ही दोघांनी त्यानंतर ओळ न् ओळ तपासल्या.

प्रत्येक फाईलीवर ती शेवटी लिहिल्याची तारीख व वेळ असते. बहुतेकांवर सकाळचे साडेसहा, पावणेसात. एका फाईलीवर मात्र तारीख होती १ जानेवारी १९८०. मी बुचकळ्यात पडलो. १९८० साली शाळेत संगणक कोठला? मग उलगडा झाला. डॉसच्या पंचांगाचा आरंभच त्या दिवसापासून. यंत्रातली छोटी बॅटरी संपली आणि तारीख पुन्हा घातली नाही, की ते आपले त्या दिवसापासून मोजू लागते. गुरुजींना विचारले तेव्हा ते म्हणाले, “हो, शेवटी शेवटी बॅटरी गेली होती. शाळेकडे पैसे मागायला संकोच वाटला.” त्या साध्या उत्तराने मला नोंदवहीतल्या पानाहून अधिक टोचले.

तेव्हापासून हा छंद जडला तो जडलाच. घरातल्या त्या काल्पनिक यंत्राची मी देखभाल करतो. फ्रीडॉसची नवी आवृत्ती निघाली की जुनीची प्रत बाजूस ठेवून नवी बसवितो, गुरुजींचा प्रोग्रॅम तिच्यावर चालवितो, ओव्यांची संख्या जुळते का पाहतो, प्रत्येक गावाची पहिली आणि शेवटची ओवी ताडून घेतो. ते जमले की मगच जुनी काढतो. सौभाग्यवती म्हणतात, “अक्षरे बाहेर काढून झाली, तरी त्या मढ्याला अजून आंघोळ कशाला?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, काढलेली प्रत माझी आहे. तिच्यात माझ्या चुका आहेत. पुढे कोणाला ‘दर्या’सारखी आणखी एक चूक सापडली, तर मूळ काय होते हे विचारण्यासाठी मूळ बोलते असले पाहिजे.

जुन्या प्रणालीचे हे प्रेम डोळस असावे, हेही सांगितले पाहिजे. ‘ए साँग ऑफ आइस अँड फायर’ ही कादंबरीमाला लिहिणारे अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी २०१४ साली दूरचित्रवाणीवर सांगितले होते की, ते आपले लेखन डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० मध्ये करतात. परंतु त्यांचे ते यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही. हे दुसरे वाक्य विसरू नये. डॉसला कुलूप म्हणून नाहीच. कोणीही आत शिरावे आणि काहीही पुसावे. जुन्या विंडोजचीही निराळी कथा नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांतील संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे अडली, आणि २०१४ सालीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्स.पी.साठी कंपनीला पुन्हा दुरुस्ती काढावी लागली. जुना कारभारी घरात असावा, त्याचा मान राखावा, त्याला जुने दप्तर विचारावे. पण रात्री दारावर पहारा द्यावयास बसवू नये.

वाचकहो, आपण सारे मुलुखाबाहेर स्थिरावलेले मराठी लोक. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील कित्येक जुन्या घरांत माळ्यावर रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रे आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तर मोडीची गाठोडीच्या गाठोडी आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंतोजी जी लिपी मुलांकडून गिरवून घेत, ती दोन पिढ्यांत परकी झाली. त्या घरांत कागद आपल्या जागी आहे. वाचणारा आजोबा गेला. आपण वस्तू सांभाळतो आणि वाचणाऱ्याला विसरतो. मोडीच्या बाबतीत हे व्हायला दोन पिढ्या तरी लागल्या. संगणकाच्या बाबतीत ते पंधरा वर्षांत होते, एवढाच फरक. फ्रीडॉसच्या मंडळींनी त्या अर्थाने एक म्हातारा वाचक जिवंत ठेवला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने थांबविली. घरोघरचे संगणक आता जुने ठरतील, आणि काट्यावर तोलले जातील. ते देण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी, एवढीच माझी विनंती. त्या यंत्रावर घरात कोण बसत असे, ते आठवावे. वडिलांनी लिहिलेली घराण्याची हकिगत, मंडळाचा जमाखर्च, आईने टिपून ठेवलेली मंगलाष्टके, असे काही आत आहे का ते पाहावे. असल्यास त्याची प्रत घ्यावी, आणि ज्या प्रोग्रॅमने ते उघडते त्याचे नाव कागदावर लिहून सोबत ठेवावे. लिहिणारी व्यक्ती हयात असेल, तर तिला शेजारी बसवून हे काम करावे. तिसरा पर्याय म्हणजे छपाई, हे तिलाच ठाऊक असते.

बुरशी आलेल्या दोन फ्लॉपी मी कोरड्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. गुरुजींनी मात्र त्यावर आपला उपाय काढला. गेल्या दिवाळीनंतर ते नातवाच्या दुचाकीवर मागे बसून त्या दोन गावांना जाऊन आले. ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी आता कोणी उरलेली नाही. एकीच्या सुनेला सासूच्या काही ओव्या येतात. परत येताच त्यांनी मला वही दाखविली. सव्वीस ओव्या होत्या. “या तुमच्या यंत्रात घाला,” ते म्हणाले, “आणि कुठून आल्या तेही लिहा. सासूच्या म्हणून लिहू नका. सुनेच्या आहेत.”

तशी नोंद मी केली आहे.